आमची वाटचाल: झोपणाऱ्या डब्यांचा धंदा

२००८ साली भोसरीत अर्धा गाळा भाड्याने घेऊन मी आणि माझ्या भागीदाराने सुरुवात केली, तेव्हा आमचं काम म्हणजे मशिनांची कंट्रोल कार्डं. प्रेस, ओव्हन, कन्व्हेअर, जे येईल ते. तिथे वीज भिंतीतून मिळायची, त्यामुळे रिकामा प्रोसेसर काय करतो याच्याशी कुणालाच देणंघेणं नव्हतं. कार्डावरच्या प्रोग्रॅमचा मेन लूप गरगर फिरायचा आणि दर फेरीला 'काही काम आहे का?' असं विचारायचा. बहुतेक वेळा काम नसायचंच.

वळण आलं ते द्राक्षांमुळे. भागीदाराचं आजोळ निफाड तालुक्यातलं. तिथल्या बागायतदारांना पानावरचा ओलावा, जमिनीतली ओल आणि पाऊस मोजणारा डबा हवा होता, कारण डावणी-भुरी या बुरशीजन्य रोगांवरची फवारणी कधी घ्यायची ते त्यावर ठरतं. सोलर लावा, असं सगळेच सांगत होते. पण मांडवाखाली ऊन पोचत नाही, वर काढलेल्या पॅनेलवर फवारणीतल्या बोर्डो मिश्रणाचा आणि गंधकाचा थर चढतो, आणि रस्त्याकडेचं पॅनेल रात्रीत गायब होतं. आम्ही ठरवलं, पॅनेल नाही, वायर नाही. आत लिथियम थायोनिल क्लोराइडचा एकच डबल-ए सेल, ३.६ व्होल्ट, २,४०० मिलिअँपिअर-तास.

मग हिशेब मांडला. फिरत राहणारं आमचं कार्ड ३ मिलिअँपिअर खायचं. म्हणजे ८०० तास, जेमतेम महिना. दर महिन्याला पुण्याहून माणूस धाडायचा म्हटलं तर डबा फुकट देऊन फक्त पेट्रोलचं बिल लावावं लागलं असतं.

आम्ही रिचर्ड बॅरी यांची फ्रीआरटॉस, म्हणजे छोट्या प्रोसेसरांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम, वापरत होतो. तिच्या शेड्यूलरकडे, म्हणजे कुठलं काम (टास्क) कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाकडे, कुठलंच टास्क तयार नसलं की तो आयडल टास्क चालवतो. त्यात एआरएम प्रोसेसरची डब्ल्यूएफआय (वेट फॉर इंटरप्ट) ही सूचना टाकली की प्रोसेसर पुढचा इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारा इशारा, येईपर्यंत थांबतो. ऐकायला छान आहे, पण पुढचा इंटरप्ट कुठला? शेड्यूलरचा स्वतःचाच टिक, म्हणजे वेळ मोजायचा ठरावीक ठोका! सेकंदाला हजारदा. खरी गाढ झोप, जिच्यात मुख्य क्लॉकही बंद होतो, ती अशा धबडग्यात मिळत नाही.

टिक मोजायला बसवलेला १० ओहमचा रेझिस्टर मला अजून आठवतो. मल्टिमीटर गुळमुळीत सरासरी दाखवत होता आणि सगळं बरं चाललंय असं वाटत होतं. त्या रेझिस्टरवर क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला तेव्हा पडद्यावर फणीच्या दातांसारखे काटे, दर मिलिसेकंदाला एक. डब्यात काहीही घडत नव्हतं आणि तरी सेल रिकामा होत होता.

यावरचा उपाय मोठ्या मंडळींनी आधीच शोधला होता. लिनक्समध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांचं काम २००७ मध्ये २.६.२१ आवृत्तीत आलं, आणि रिकाम्या प्रोसेसरचा ठरावीक टिक थांबवायची सोय झाली. फ्रीआरटॉसमध्ये हीच गोष्ट २०१२ साली ७.३ आवृत्तीत आली. शेड्यूलर थांबलेल्या टास्कांच्या यादीत डोकावतो, सगळ्यात जवळची वेळ किती लांब आहे ते पाहतो, टिक बंद करतो आणि तेवढ्या वेळाचा गजर लावून झोपतो. उठल्यावर जितके टिक बुडाले तितके एकदम जमा करतो. टास्कांना पत्ताही लागत नाही.

फ्रीआरटॉसचा तयार कोड मात्र सिसटिकवर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या टायमरवर, झोपतो. तो काउंटर २४ बिटांचा, १६ मेगाहर्ट्झला सेकंदभरात भरतो. शिवाय गाढ झोपेत तो स्वतःच बंद पडतो. म्हणून आम्ही ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणारा लो-पॉवर टायमर घेतला. १६ बिटांचा हा टायमर थेट चालवला तर २ सेकंद, १२८ ने भागला तर २५६ सेकंद. नाजूक जागा एकच: झोपायचं ठरलं आणि झोप लागली या दोन क्षणांच्या मधे पर्जन्यमापकाची वाटी, जी भरली की उलटून इंटरप्ट देते, ती उलटली तर? त्यासाठी आधी इंटरप्ट रोखायचे, यादी पुन्हा तपासायची, आणि ते रोखलेले असतानाच डब्ल्यूएफआय द्यायची. रोखलेला इंटरप्टही आमच्या एआरएम कॉर्टेक्स-एम प्रोसेसरला जागं करतो, त्यामुळे वाटीचा एकही ठोका हुकत नाही.

झोपेचा प्रवाह दोन मायक्रोअँपिअरवर आला आणि नवंच लचांड उभं राहिलं. असा सेल फार काळ निवांत पडला की लिथियमवर क्लोराइडचा पापुद्रा धरतो. मग संदेश पाठवणाऱ्या रेडिओने अचानक तीसेक मिलिअँपिअर मागितले की व्होल्टेज खाली बसतं. सेलच्या जोडीला वीज साठवून ठेवणारा मोठा कपॅसिटर टाकून आम्ही ते मिटवलं. कपॅसिटरची स्वतःची गळती किती, हे डेटाशीटमध्ये शोधायची सवय तेव्हापासून लागली.

कोडचा आमचा एकच कडक नियम आहे. दर दहा मिलिसेकंदांनी 'झालं का, झालं का' विचारणारं टास्क कुणी लिहायचं नाही. वाट बघायची तर सेमाफोरवर बघायची, म्हणजे काम झाल्याची खूण मिळेपर्यंत झोपून राहायचं. नवीन मुलांना हे जाचक वाटतं, पण असं एक आगाऊ टास्क बाकी सगळ्यांची झोप मोडतं.

गिऱ्हाइकांना मात्र ही झोप खुपायची. "साहेब, डबा चालूय का मेलाय, कळायचं कसं? एखादा दिवा तरी लावा की." लुकलुकता दिवा म्हणजे पुन्हा सेलवर दरोडा. मी म्हटलं, "दादा, दिवा देतो, पण विचाराल तेव्हाच लागेल." आत रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच, बसवला आणि सोबत दोरीला बांधलेलं लोहचुंबक दिलं. डब्याच्या कोपऱ्याला टेकवलं की दिवा दोनदा चमकतो. आमच्या सगळ्या करामतीत लोकांना सर्वांत आवडलेली हीच!

आता झोपेत वाचवण्यासारखं फारसं उरलेलं नाही. पंधरा मिनिटांनी एक संदेश, त्याला ०.४ सेकंद धरले, तर नुसत्या रेडिओची सरासरी १३ मायक्रोअँपिअरच्या घरात जाते, झोपेच्या सहापट. म्हणून डबा मोजतो दर पंधरा मिनिटांनी, पण आकडा हलला नसेल तर पाठवत नाही. तासाला फक्त हजेरी लावतो. पाऊस लागला की लगेच कळवतो.

निफाडच्या बागायतदारांना आम्ही सेलची पाच वर्षं लिहून देतो. कागदावर याच्या दुपटीहून जास्त निघतात, पण कागदावर सेल जुना होत नाही. सध्या सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांशी बोलणी चालली आहेत. तिथे डबा उघड्यावर, एप्रिलच्या उन्हात तापणार, आणि उष्णतेने सेल आपोआप लवकर उतरतो. त्यांच्या कोटेशनमध्ये चारच वर्षं लिहिली आहेत, आणि भाव तोच ठेवला आहे.