डॅनियल फ्रीमनची होमस्टेड फाइल: माझा अनुभव

अमेरिकेतल्या होमस्टेडरांच्या, म्हणजे सरकारी पडीक जमिनीवर पाच वर्षं वस्ती करून ती मिळवणाऱ्यांच्या, फायली वाचायला मी डॅनियल फ्रीमनपासून सुरुवात केली. नेब्रास्कातल्या बिअ‍ॅट्रिसजवळचा हा माणूस. 1 जानेवारी 1863 ला, होमस्टेड कायदा लागू झाला त्याच दिवशी, त्याने ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीत अर्ज केला. मध्यरात्री कचेरी उघडायला लावली असं सांगतात.

पहिली चूक नंबरात होते. अर्जावर ‘1’ दिसला की आपण देशात पहिला समजतो. पण नंबर प्रत्येक कचेरीचा स्वतंत्र असायचा, आणि त्याच दिवशी आणखी चारशेवर लोकांनी अर्ज केले होते. म्हणून टिपण करताना राज्य, कचेरी आणि अंतिम दाखल्याचा (वस्तीचा पुरावा दिल्यावर मिळणाऱ्या कागदाचा) नंबर, तिन्ही एकत्र लिहायचे. 1908 पूर्वीच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात याच क्रमाने लावलेल्या आहेत. अर्जाचा नंबर आणि दाखल्याचा नंबर सहसा वेगळे असतात. फ्रीमनचे दोन्ही 1, त्यामुळे नवख्याची फसगत होते.

सातबाऱ्याची सवय असलेल्याला पुढे अडतं ते जमिनीचं वर्णन. गट नंबर नाही, चतुःसीमा नाहीत. ते शेवटाकडून वाचायचं. टाउनशिप 4 उत्तर, रेंज 5 पूर्व हा सहा मैलांचा चौरस. त्यात 36 सेक्शन, प्रत्येकी 640 एकर. फ्रीमनचा सेक्शन 26. सेक्शनचा चौथा हिस्सा 160 एकर, त्याचा पुन्हा चौथा 40. त्याने वायव्य चौथाईचा दक्षिण अर्धा भाग, त्याच चौथाईचा ईशान्य तुकडा आणि शेजारच्या ईशान्य चौथाईचा नैर्ऋत्य तुकडा घेतला. चौकटीच्या कागदावर काढलं तर उलटा ‘टी’ होतो. सरळ चौरस का नाही? मला वाटतं, कब क्रीकचं पाणी आणि काठची झाडं पदरात पडावीत म्हणून. ही जमीन रिकामी नव्हती, हे फाइलमध्ये येत नाही. ओटो-मिझुरिया लोकांनी या भागावरचा हक्क 1854 च्या तहात सोडला होता.

फाइलमधला खरा ऐवज म्हणजे पाच वर्षांच्या वस्तीचा पुरावा, जानेवारी 1868 चा. दोन शेजाऱ्यांची साक्ष. घर 14 बाय 20 फूट, अर्धं ओंडक्यांचं, अर्धं फळ्यांचं, एक मजली, दोन दारं, दोन खिडक्या. सुमारे 35 एकर नांगरलेली. तबेला, मक्याची कणगी, मेंढ्यांसाठी 100 फूट लांब छप्पर, 40 सफरचंदाची आणि सुमारे 400 पीचची झाडं. 160 पैकी 35 एकर हे कमी नाही. पाच वर्षांत तेवढंच होतं. मात्र साक्षीदार शेजारीच असल्याने ‘राहायला सोयीचं घर’ असली वाक्यं साच्यातली समजावीत. आकडे घ्यावेत, विशेषणं सोडावीत. मालकीची सनद, ज्याला तिथे पेटंट म्हणतात, 1 सप्टेंबर 1869 ची. फीसकट सगळा खर्च 18 डॉलर.

इथे फाइल संपते, माणूस संपत नाही. पुढची चाळीस वर्षं दुसरीकडे शोधावी लागतात. 1890 ची जनगणना आगीमुळे जवळजवळ सगळी गेली, त्यामुळे 1880 वरून थेट 1900 वर उडी मारावी लागते. फ्रीमनच्या बाबतीत मधे न्यायालय उपयोगी पडतं: गावच्या शाळेतल्या बायबलवाचनाविरुद्ध तो लढला आणि 1902 मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला.

तो गेला 30 डिसेंबर 1908 ला. त्याला त्याच्याच जमिनीवर पुरलं. पत्नी अ‍ॅग्नेस 1931 मध्ये गेली. 1936 मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक ठरली. मृत्यू सनदेनंतरचा असेल तर जमिनीच्या फाइलमध्ये तो शोधण्यात वेळ घालवू नये. थडगं आणि काउंटी कोर्टातले वारसाचे कागद पाहावेत. पण वस्तीदार पाच वर्षं पुरी होण्याआधीच गेला असेल, तर पुरावा विधवेने किंवा वारसांनी द्यायचा असे. अशी फाइल हाती लागली तर सही कोणाची आहे ते आधी पाहावं.