आलेखातून गायब झालेला उन्हाळा

माढा तालुक्यात ऊस पिकवणारे माझे मामा गेली कित्येक वर्षे एका वहीत उजनी धरणाची टक्केवारी लिहून ठेवत आले आहेत. वर्तमानपत्रातला आकडा सकाळच्या चहाबरोबर वहीत उतरतो, आणि गावात पाऊस झाला असेल तर शेजारी तीही नोंद होते. मामेबहिणीने त्यातल्या काही वर्षांच्या नोंदी फोनवर टाइप करून एका सारणीत मला पाठवल्या. मी जुळे सोलापुरात राहतो, आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्यामुळे उजनीत किती पाणी आहे हा प्रश्न मामांच्या उसाइतकाच माझ्या घरातल्या पिंपांचाही आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आलेख काढण्याचा मला छंद आहे. आलेख काढणारे मॅटप्लॉटलिब आणि सारण्या हाताळणारे पांडाज ही दोन साधने हाताशी असताना हे काम तासाभराचे आहे, असे समजून मी बसलो होतो.

तासाभरात आलेख झालाही. मामा काही कामासाठी शहरात आले होते, त्यांना तो लॅपटॉपवर दाखवला. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, “बाकी सगळं बरोबर हाय, पण उन्हाळा कुठं गेला?”

रेघ मार्च महिन्यात शून्याजवळ येत होती आणि तिथून थेट जुलैच्या अखेरीस जाऊन पुन्हा वर चढत होती. मधले चार महिने म्हणजे पट्टीने ओढावी तशी एक सरळ आडवी रेघ होती. प्रोग्रामने कोणतीही चूक दाखवली नव्हती, लाल अक्षरांतली एकही ओळ आली नव्हती, आणि मलाही त्या सरळ रेघेत काही खटकले नव्हते.

उजनीची टक्केवारी कशी मोजतात हे माहीत नसलेल्या वाचकासाठी थोडे सांगतो. भीमेवरच्या या धरणाचा मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचा तळाचा साठा, सुमारे ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्याच्यावरचा उपयुक्त साठा सुमारे ५३.५७ टीएमसी आहे. टक्केवारी सांगतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. मृतसाठा एवढा मोठा असल्यामुळे उन्हाळ्यात त्यातलेही पाणी वापरले जाते आणि आकडा उणे होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासच्याही खाली गेला होता. उणे पन्नास म्हणजे धरण रिकामे नव्हे, तर मृतसाठ्यातले जवळजवळ २६.८ टीएमसी वापरले गेले आहे आणि सुमारे ३७ टीएमसी अजून शिल्लक आहे. उलट पावसाळ्यात धरण काठोकाठ भरले की आकडा १०० च्या पुढे, थेट १११ पर्यंत जातो. शून्य ते शंभर या हद्दीत न मावणारी टक्केवारी सोलापूर जिल्ह्यात कोणालाही नवी नाही, पण टक्केवारीच्या अक्षाची मर्यादा सवयीने शून्य ते शंभर ठेवणाऱ्या प्रोग्रामरला ती चांगलीच नडते.

माझा उन्हाळा मात्र अक्षाच्या मर्यादेने नव्हे, तर मीच केलेल्या साफसफाईने गायब केला होता. पहिल्या प्रयत्नात आलेखाची डावी बाजू आकड्यांच्या गर्दीने काळी झाली होती, कारण सारणीतला तो स्तंभ संख्यांचा नसून मजकुराचा होता. मॅटप्लॉटलिबला संख्येऐवजी मजकूर दिला तर ते तक्रार करत नाही. प्रत्येक निराळ्या मजकुराला एक स्वतंत्र खूण देते आणि त्या खुणा सारणीत ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने एकावर एक रचत जाते. अशा अक्षावर ९ हा आकडा ४० च्या वर बसू शकतो. अक्षावर दाटीवाटीने आणि क्रम नसलेले आकडे दिसले, तर आलेखाची सजावट दुरुस्त करण्याआधी पांडाजला प्रत्येक स्तंभाचा प्रकार विचारावा. ‘डीटाइप्स’ ही एक ओळ छापून पाहिली असती, तर माझी अर्धी संध्याकाळ वाचली असती.

स्तंभ मजकुराचा होण्याची कारणे दोन होती. बहिणीने जुन्या वर्षांचे आकडे देवनागरीत टाइप केले होते. ही अडचण वाटते तितकी मोठी नाही: सारणी वाचताना पांडाज देवनागरी अंकांना संख्या मानत नाही, पण मजकुराची संख्या करणारे पायथनचे स्वतःचे ‘फ्लोट’ त्यांना बिनतक्रार संख्या समजते, दशांशचिन्हासह आणि उणे चिन्हासह. ज्या भाषेच्या आज्ञा इंग्रजीत लिहाव्या लागतात तिला ‘५२.३’ वाचता येते याचे मला अजूनही कौतुक वाटते.

दुसरे कारण त्या उणे चिन्हातच होते. फोनच्या कळफलकावर साधी आडवी रेघ असते तशीच तिच्याहून किंचित लांब अशी वाक्यात वापरायची रेघही असते, आणि बहिणीने सगळीकडे ही लांब रेघ टाइप केली होती. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात, पण पायथनच्या लेखी पहिली हे उणे चिन्ह आहे आणि दुसरी हे विरामचिन्ह. गणिताच्या पुस्तकात छापतात ते खरे वजाचे चिन्ह युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, आणखी निराळे आहे, आणि तेही ‘फ्लोट’ला चालत नाही. ‘मजकुराचे संख्येत रूपांतर होत नाही’ अशी चूक आली तेव्हा मी ती वाचायला हवी होती, कारण कोणता मजकूर अडला हे तिच्यातच लिहिलेले असते. त्याऐवजी मी घाईघाईने एक छोटे फंक्शन लिहिले: रूपांतर जमले तर संख्या दे, नाही जमले तर रिकामी जागा दे. पांडाजच्या ‘टू-न्यूमेरिक’ला ‘कोअर्स’ हा पर्याय दिला की तोही हेच करतो, आणि इंटरनेटवर मिळणाऱ्या उत्तरांत हा सल्ला इतक्या सहजतेने दिलेला असतो की त्यात काही हरवत असेल अशी शंकाही येत नाही. पुढच्या ओळीत मी ‘ड्रॉपएनए’ने रिकाम्या जागा असलेल्या ओळी काढून टाकल्या. सगळे उणे आकडे, म्हणजे सगळे उन्हाळे, अशा रीतीने दोन ओळींत नाहीसे झाले, आणि उरलेल्या दोन टोकांना रेघेने जोडणे हे तर मॅटप्लॉटलिबचे कामच आहे.

आता मी लांब रेघ आणि गणिती वजा या दोन्हींच्या जागी साधे उणे चिन्ह घालतो, लाखांच्या आकड्यांत स्वल्पविराम असतील तर तेही काढतो, आणि एवढे करूनही ज्या ओळींचे रूपांतर होत नाही त्या मोजून छापतो. मामांच्या सारणीत अशा सात ओळी उरल्या. एका ठिकाणी आकड्याऐवजी ‘पेपर आला नाही’ असे लिहिलेले होते.

रिकाम्या जागांच्या बाबतीत माझे मत या प्रकरणानंतर पक्के झाले आहे: आलेख काढण्यापूर्वी त्या काढून टाकू नयेत. रिकामी जागा तशीच ठेवली तर रेघ तिथे तुटते आणि माहिती नाही हे पाहणाऱ्याला कळते. वहीत तर कित्येक तारखांच्या ओळीच नव्हत्या, कारण मामा वारीला गेले की वही बंद असते. म्हणून आधी तारखेला अनुक्रमणिका करून ‘अ‍ॅज-फ्रीक’ने रोजची तारीख भरून घेतली, म्हणजे नसलेल्या दिवसांनाही रिकामी का होईना पण जागा मिळाली. यात एक बारीक खाच आहे. आगेमागे रिकामे दिवस आणि मध्ये एकच नोंद असेल तर ती नोंद आलेखात दिसतच नाही, कारण रेघ काढायला निदान दोन बिंदू लागतात. रेघेबरोबर बिंदूंची खूणही मागितली की अशा एकट्या नोंदी दिसू लागतात.

तारखांनीही त्रास दिला. ‘५/६’ म्हणजे पाच जून हे आपल्याला सांगावे लागत नाही, पण वेगळे काही सांगितले नसेल तर पांडाज त्याला सहा मे समजते. गंमत अशी की माझ्या जुन्या संगणकावरच्या पांडाजने ‘१३/६’ला मात्र तेरा जूनच मानले, कारण तेरावा महिना नसतो. परिणामी प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस इकडचे तिकडे झाले आणि बाकीचे जागेवर राहिले. दिवस आणि महिन्याचा आकडा एकच असलेल्या बारा तारखा वगळल्या, तर वर्षातल्या १३२ तारखा चुकीच्या ठिकाणी गेल्या, आणि ऐन पावसाळ्यात धरण एका दिवसात रिकामे होऊन दुसऱ्या दिवशी भरल्यासारखे सुळके आलेखात उभे राहिले. २०२३ साली आलेल्या पांडाज २.० पासून पहिल्या नोंदीवरून तारखेचा साचा ठरवला जातो आणि पुढची नोंद त्यात बसली नाही तर प्रोग्राम थांबतो. हे मला कितीतरी बरे वाटते. तरीही साचा आपणच स्पष्ट लिहून द्यावा, निदान ‘डे-फर्स्ट’ (दिवस आधी) हा पर्याय तरी खरा करावा. रेघ मागेपुढे धावून जाळे विणल्यासारखी दिसत असेल, तर नोंदी तारखेनुसार लावलेल्या आहेत का हे आधी पाहावे.

उन्हाळा परत आल्यावर मी आलेखाला मराठी शीर्षक दिले आणि खरी परीक्षा सुरू झाली. ‘उजनी धरणातील उपयुक्त साठा’ या शब्दांच्या जागी चौकोनांची माळ उमटली आणि ग्लिफ (अक्षराची आकृती) २३१३ फॉन्टमध्ये नसल्याची सूचना आली. २३१३ हा ‘उ’चा युनिकोड क्रमांक आहे. मॅटप्लॉटलिबबरोबर येणाऱ्या डेजाव्हू सान्स या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी बसवला आणि फॉन्टच्या यादीत त्याचे नाव दिले, तरी तो सापडत नसल्याची सूचना येत राहिली, कारण मॅटप्लॉटलिब संगणकावरच्या फॉन्टची यादी एकदाच करून साठवून ठेवते. ती साठवलेली फाइल पुसून प्रोग्राम पुन्हा चालवला तेव्हा अक्षरे आली.

अक्षरे आली, पण मराठी आली नाही. ‘उपयुक्त’मधला ‘क्त’ फुटून पाय मोडलेला ‘क’ आणि सुटा ‘त’ झाला, आणि ‘स्थिती’तली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर उभी राहिली. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतरच साठवलेली असते. तिला व्यंजनाच्या आधी नेणे आणि जोडाक्षर घडवणे हे मजकूर रेखाटणाऱ्या यंत्रणेचे काम असते, आणि माझ्याकडच्या मॅटप्लॉटलिबची नेहमीची यंत्रणा अक्षरे फक्त एकापुढे एक मांडत होती. जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकाने हे साधन बनवले आणि २००३ मध्ये ते पहिल्यांदा बाहेर आले. मेंदूतल्या विद्युतलहरींचे आलेख काढणे ही त्याची निकड होती, जोडाक्षरे ही नव्हती. त्यामुळे मी रागावलो नाही, पण फुटके ‘क्त’ घेऊन मामांसमोर जायचीही माझी तयारी नव्हती.

मला सापडलेली सर्वांत सोपी वाट अशी आहे: आलेख एसव्हीजी या चित्रफाइलीच्या स्वरूपात जतन करावा आणि त्याआधी ‘एसव्हीजी-फॉन्टटाइप’ या सेटिंगला ‘नन’ ही किंमत द्यावी. मग मॅटप्लॉटलिब अक्षरांच्या आकृत्या न काढता मजकूर मजकूर म्हणूनच लिहून ठेवते, आणि ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की जोडाक्षरे ब्राउझर घडवतो, जे त्याला उत्तम येते.

फॉन्ट बदलल्यावर उणे चिन्हाने दुसऱ्यांदा गाठले. अक्षावरच्या उणे आकड्यांपुढे चौकोन आले, कारण मॅटप्लॉटलिब तिथे तेच गणिती वजाचे चिन्ह वापरते आणि माझ्या फॉन्टमध्ये ते मिळत नव्हते. ‘युनिकोड-मायनस’ हे सेटिंग बंद केले की साधी आडवी रेघ येते. फॉन्टच्या यादीत देवनागरीनंतर डेजाव्हू सान्सचेही नाव दिले तरी चालते, आवृत्ती ३.६ पासून एका फॉन्टमध्ये नसलेले अक्षर पुढच्या फॉन्टमधून घेतले जाते.

बाकीच्या अडचणी नेहमीच्याच. जतन केलेले चित्र कोरे निघाले तर ‘सेव्हफिग’ ही ओळ ‘शो’च्या आधी घ्यावी, खिडकी बंद होताच आकृतीही जाते आणि नंतर जतन होते ती नवी, रिकामी आकृती. तारखा कडेला कापल्या गेल्या तर जतन करताना ‘टाइट’ हा पर्याय द्यावा. एकामागून एक वर्षांचे आलेख काढताना प्रत्येक आकृती ‘क्लोज’ने बंद करावी, नाहीतर विसाच्या पुढे सूचना येते आणि स्मृती भरत जाते. ओळखीच्या एका विद्यार्थ्याचा प्रोग्राम पहिल्याच ओळीत पडत होता, कारण त्याने स्वतःच्या फाइलचे नावच मॅटप्लॉटलिब ठेवले होते आणि पायथन खऱ्या मॅटप्लॉटलिबऐवजी तीच फाइल आयात करत होते. मीही एकदा साठा घनमीटरमध्ये काढला, तेव्हा अक्षावर ३.० आणि ३.३ असे आकडे आले आणि वरच्या कोपऱ्यात दहाचा नववा घात बारीक अक्षरांत राहिला, तो कोपरा मामांनी पाहिला नाही आणि “आख्ख्या धरणात तीनच?” असे विचारले. पुन्हा टीएमसीवर आलो.

शेवटी शून्यावर एक तांबडी आडवी रेघ काढून तिच्यावर ‘मृतसाठा’ असे लिहिले आणि फाइल पेनड्राइव्हवर घेऊन छपाईच्या दुकानात गेलो. तिथल्या संगणकावर नोटो देवनागरी नव्हता, त्यामुळे शीर्षक भलत्याच फॉन्टमध्ये आले आणि लांबीला वाढून कागदाबाहेर गेले. मजकूर मजकूर म्हणून ठेवला की फॉन्ट त्या त्या संगणकाकडे मागावा लागतो, हे माझ्या लक्षात राहिले नव्हते. घरी येऊन ती एसव्हीजी ब्राउझरमध्ये उघडली, तिथूनच पीडीएफ छापून घेतली, म्हणजे फॉन्टही तिच्यातच गेला, आणि दुसऱ्या दिवशी ए३ कागदावर दोन प्रती काढल्या. मामांनी आपल्या प्रतीवर सर्वांत आधी मे महिना शोधला.