खारीतलं ट्रान्स फॅट गेलं, पुढे?

डालडा १९३७ साली बाजारात आला. तो बनायचा मुंबईत, शिवडीच्या कारखान्यात. तेव्हापासून 'वनस्पती तूप' हा शब्द घरोघरी रुळला, जरी त्यात तूप औषधालाही नसायचं. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन सोडला की ते घट्ट होतं. पूर्ण घट्ट होऊ दिलं तर मेणासारखं कडक होतं आणि पोळीला लावता येत नाही, म्हणून प्रक्रिया मध्येच थांबवायची. ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक मेद, तयार होतं ते या अर्धवट कामात. पूर्ण हायड्रोजनेशन झालेल्या तेलात ते जवळपास नसतं. पुष्कळांचा समज नेमका उलटा असतो.

संपृक्त मेद, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, वाढवतं. ट्रान्स फॅट ते वाढवतंच, वर चांगलं म्हणतात ते एचडीएल कमी करतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १ टक्क्याहून कमी ऊर्जा ट्रान्स फॅटमधून यावी. २००० कॅलरीच्या आहारात हे साधारण २.२ ग्रॅम होतात, अर्धा चमचासुद्धा नाही.

डेन्मार्कने २००३ मध्ये तेला-मेदातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे वनस्पतीसाठी ती आधी १० टक्के होती, मग ५ झाली. १ जानेवारी २०२१ पासून ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून २. शेवटच्या टप्प्यात नुसतं तेल-वनस्पतीच नव्हे, तर तेल किंवा मेद वापरून केलेले सगळे पदार्थ नियमात आले. मला हा नियम आवडतो, कारण तो खाणाऱ्याच्या शहाणपणावर काही सोडत नाही. 'तळलेलं कमी खा' असं लाख वेळा सांगून जे झालं नसतं, ते कारखान्यात एका ठिकाणी कळ फिरवून होतं.

आता गफलत कुठे होते ते बघा. २ टक्के हे पदार्थाच्या वजनाचे नाहीत, त्यातल्या मेदाचे आहेत. १०० ग्रॅम खारीत समजा ३० ग्रॅम मेद आहे, तर ट्रान्स फॅट जास्तीत जास्त ०.६ ग्रॅम चालेल. पाकिटावरचा आकडा १०० ग्रॅम पदार्थामागे असतो, त्यामुळे तिथे '१.५ ग्रॅम' दिसलं तर '२ च्या आत आहे' म्हणून सोडून देऊ नका, आधी एकूण मेदाने भागा. इथे ते ५ टक्के निघतं. दूध-तुपातलं नैसर्गिक ट्रान्स फॅट मात्र या मर्यादेत धरत नाहीत.

खारीचंच उदाहरण घेण्याला कारण आहे. पदर सुटायला हवेत तर मैद्याच्या थरांमधला मेद लाटताना वितळता कामा नये. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं. मे महिन्यात मुंबईच्या बेकरीत, भट्टीशेजारी, ते टिकणार कसं? थर एकमेकांत मिसळतात आणि खारीऐवजी जाड बिस्कीट हाती येतं. म्हणून बेकरीवाला ४० अंशांच्या पुढेही घट्ट राहणारं पफ मार्जरीन, म्हणजे तेलापासून केलेलं लोण्यासारखं मेद, घेतो. पूर्वी हा कडकपणा अर्धवट हायड्रोजनेशनने मिळायचा. आता तो पाम तेलाच्या घट्ट भागातून किंवा 'इंटरएस्टरिफाइड' मेदातून मिळतो, म्हणजे मेदाम्लांची जागा बदलून घट्ट केलेल्या तेलातून. ट्रान्स फॅट गेलं आणि त्याच्या जागी बरंचसं संपृक्त मेद आलं. साध्या पाम तेलातच ते निम्म्याच्या आसपास असतं.

सौदा तरीही फायद्याचाच आहे, फक्त पाकिटावरचा 'झिरो ट्रान्स फॅट' वाचून हात सैल सोडू नये. लेबलचा हिशोब संपृक्त मेद दिवसाला २२ ग्रॅम धरून केलेला असतो. वरच्या खारीत ३० पैकी १५ ग्रॅम संपृक्त असेल, तर चहाबरोबर ५० ग्रॅम खारीत साडेसात ग्रॅम गेले, दिवसाच्या कोट्याचा तिसरा हिस्सा. पाकिटावर 'सर्व्हिंग' २० ग्रॅमचं लिहिलेलं असतं, पण बशीत २० ग्रॅम कोण मोजून घेतं?

सुट्या मालाचं दुखणं वेगळंच. कागदात बांधून मिळणारी खारी, नानकटाई, क्रीमरोल यांना लेबलच नसतं. तिथे बेकरीवाल्याला 'डालडा वापरता का?' विचारून उपयोग नाही, 'नाही' हे उत्तर ठरलेलं आहे. मार्जरीनचा खोका बघायला मागा आणि त्यावरचा ट्रान्स फॅटचा आकडा वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये ट्रान्स फॅट हद्दपार केल्याची पहिली प्रमाणपत्रं डेन्मार्क, लिथुआनिया, पोलंड, सौदी अरेबिया आणि थायलंड या ५ देशांना दिली. त्यासाठी नुसता कायदा पुरत नाही, तपासणी आणि अंमलबजावणी दाखवावी लागते. नियम तितकाच कडक असून भारत त्या ५ जणांत नव्हता.

तळणीच्या तेलाची गल्लत यात करू नका. तेच तेल पुन्हा तापवल्याने ट्रान्स फॅट थोडंच वाढतं. खरी अडचण तेल तुटून होणाऱ्या ध्रुवीय संयुगांची. त्यांची कायद्याने मर्यादा २५ टक्के, त्यापुढे ते तेल वापरायचं नाही. रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची असते. घरी ही संयुगं मोजायचा मीटर नसतो, पण खुणा असतात: घाणा काढल्यावरही न बसणारा फेस, काकवीसारखा दाटपणा, आणि पूर्वीपेक्षा कमी आचेवर सुटणारा धूर.

तेल लवकर बिघडतं ते पाणी, मीठ आणि कढईच्या तळाशी जळणाऱ्या बेसनाच्या चुऱ्यामुळे. भजी तळताना चुरा प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने काढा, मीठ कढईवर भुरभुरू नका, आच १८० अंशांच्या वर नेऊ नका. कढई लहान घ्या, म्हणजे उरतंच थोडं. ते गाळून, झाकून, अंधारात ठेवा आणि एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. जुन्या तेलात नवं ओतून ताजं करायची सवय मोडा. जुनं सुधारत नाही, नवं मात्र लवकर बिघडतं.