डिफॉल्ट एकदा ठरलं की

शनिवार, रात्री. विश्रामबाग, सांगली.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत जेसन (माहिती मजकूर म्हणून साठवायची एक पद्धत) हाताळणारं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच आहे. त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये अगदी वरच्या बाजूला एक उदाहरण आहे. एक युनिकोड (जगभरच्या लिप्यांचा संच) अक्षर ‘डम्प्स’ला, म्हणजे जेसन मजकूर बनवणाऱ्या फंक्शनला द्यायचं आणि काय छापलं जातं ते बघायचं. गोम अशी की ते अक्षर आत देतानाच उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडे अशा सांकेतिक रूपात लिहिलंय. बाहेर पडतं तेही हुबेहूब तसंच. वाचणाऱ्याला वाटतं, काही घडलंच नाही. प्रत्यक्षात पायथन आधी त्याचं खरं अक्षर करतो आणि जेसन ते पुन्हा सांकेतिक करून देतो.

भाच्याचं नेमकं इथंच अडलं होतं. मार्केट यार्डात त्यांचं हळदीचं अडत दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) काढायला त्यानं छोटा प्रोग्राम लिहिलाय. संध्याकाळी लॅपटॉप उघडूनच आत आला. “मामा, राजापुरी लिहिलं तर हे काय उमटतंय? फाईल खराब झाली का?”

फाईल ठणठणीत होती. जेसन वाचणारा कुठलाही प्रोग्राम त्यातून ‘राजापुरी’च वाचणार. फक्त माणसाला ती वाचता येत नाही, आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) तीन बाइटांत बसणारं देवनागरी अक्षर सहा बाइट खातं. आस्की म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे नि काही चिन्हांपुरता जुना संच; सगळं त्यातच लिहायला लावणारा ‘एन्शुअर आस्की’ हा पर्याय ‘फॉल्स’, म्हणजे बंद करायला सांगितला, झालं. मग त्यानं विचारलं, “पण हे आधीपासूनच असं का नाही ठेवत?”

प्रश्न रास्त आहे. हे मॉड्यूल २००८ मध्ये, पायथन २.६ बरोबर स्टँडर्ड लायब्ररीत (पायथनसोबतच मिळणाऱ्या मॉड्यूलांत) आलं. तेव्हा वाटेतल्या कुठल्या यंत्रणेला आस्कीपलीकडचं पचेल याचा भरवसा नव्हता, म्हणून सगळं आस्कीत कोंबणं शहाणपणाचं होतं. पुढं २०१७ च्या आरएफसी ८२५९ नं, म्हणजे जेसनच्या प्रमाण दस्तऐवजानं, खुल्या देवाणघेवाणीसाठी यूटीएफ-८ सक्तीचंच केलं. तरी डिफॉल्ट, म्हणजे काही न सांगता आपोआप लागू होणारी निवड, तिथंच आहे. कुणी त्या मजकुराचा हॅश (बाइटांवरून काढलेला ठसा) काढून ठेवलाय, कुणाच्या टेस्ट बाइटला बाइट जुळवून बघतात, कुणाची फाईल आस्की म्हणूनच उघडलेली असते. उद्या डिफॉल्ट फिरवलं तर देवनागरी लिहिणारे आपण खूश होऊ, आणि ज्यांनी काहीच चुकीचं केलेलं नाही त्यांचं चालतं काम बंद पडेल. माझ्या मते ते हलवू नये. फावल्या वेळात या डॉक्युमेंटेशनमध्ये दुरुस्त्या सुचवायला लागलो तेव्हा उलट मत होतं, हेही लिहून ठेवतो.

काढून टाकायचं असेल तर रीत आहे: निदान दोन आवृत्त्या इशारा द्यायचा, मगच हात लावायचा. पायथन ३.१३ मध्ये, २०२४ च्या ऑक्टोबरात, ‘सीजीआय’, ‘टेलनेटलिब’ वगैरे एकोणीस मॉड्यूल तशीच गेली. पण मॉड्यूल गेलं की इम्पोर्ट (ते आत घेणारी ओळ) ठणकन आपटतो, लगेच कळतं. डिफॉल्ट बदललं तर काही वाजत नाही, नुसता निकाल वेगळा येतो. मला भीती त्याची जास्त.

म्हणून उदाहरणाकडे वळलो. त्याच्याखाली आणखी एक जोडायचा मसुदा केला: आत सरळ ‘हळद’, बाहेर एकदा सांकेतिक, एकदा जसंच्या तसं. डॉक्टेस्टनं (उदाहरणं चालवून निकाल ताडणारं साधन) चालवून बघितलं, जुळलं. खाली आधी चार वाक्यं लिहिली होती, दोन खोडली. आस्कीचा इतिहास तिथं कुणाला हवाय? परीक्षण करणारे बहुधा विचारतील की इंग्रजी पानावर देवनागरी कशाला. उत्तर तयार आहे: इंग्रजी शब्द घेतला तर दाखवायला काही उरतच नाही.

भाच्याला अजून एक गोष्ट बजावली. दुकानातला कॉम्प्युटर विंडोजचा, तिथं फाईल उघडणारं ‘ओपन’ फंक्शन मुकाट्यानं यूटीएफ-८ धरत नाही. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, दर वेळी लिहायचं. त्यासाठीचा इशारा ३.१० पासून, २०२१ पासून, मागून घेता येतो; ‘ओपन’चं डिफॉल्ट यूटीएफ-८ करायचा बदल ३.१५ साठी ठरलाय. तो म्हणाला, “मग तोवर थांबू का?” म्हटलं, सोमवारी सौदे आहेत, पट्ट्या तुला तेव्हाच लागणार.