प्लंबरमधला ब

इंग्रज 'प्लमर' म्हणतात आणि आपण 'प्लंबर', मग आपलं चुकतं का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: उच्चारात चुकतं, पण शब्दाचं मूळ आपल्या बाजूने आहे. लॅटिनमध्ये शिशाला 'प्लुंबुम' म्हणतात. शाळेत पाठ केलेली शिशाची खूण 'पीबी' त्यातलीच. शिशाचं काम करणारा तो 'प्लुंबारिउस'. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत ब गळाला आणि 'प्लमर' उरला; आडनावात तो अजून तसाच आहे. पुढे लॅटिनकडे बघून स्पेलिंगात ब परत बसवला, जिभेवर मात्र तो बसला नाही.

मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये प्लंबर चर्चच्या छपरावर शिशाचे पत्रे चढवायचा, पन्हळी आणि टाक्या करायचा. लंडनच्या प्लंबर संघाचे नियम १३६५चे आहेत, सनद १६११ची.

त्याचा हात दिसायचा तो शिशाच्या नळाच्या सांध्यात. एका नळाचं तोंड फाकवायचं, दुसऱ्याचं कानशीने निमुळतं करून त्यात बसवायचं. जागा खरवडून चकचकीत करायची आणि लगेच चरबी चोळायची, नाहीतर शिसं काळवंडतं आणि डाख, म्हणजे सांधा जोडायला ओततात तो वितळलेला धातू, धरत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना काजळी आणि सरसाचा लेप, म्हणजे डाख पलीकडे पसरत नाही.

डाख वजनाने दोन भाग शिसं, एक भाग कथील. थंड होताना तो सुमारे २५० अंश सेल्सिअसपासून १८३पर्यंत लोण्यासारखा मऊ राहतो. तेवढ्या वेळात चरबी लावलेल्या जाड कापडाने पुसत त्याला गोलाई द्यायची. कथील ६३ टक्क्यांवर नेलं तर डाख एकदम थिजतो, पुसायला सवडच मिळत नाही. फारच कमी पडलं तर सांधा भरड होतो, पाणी झिरपतं. जस्त मिसळलं तर अख्खं भांडं वाया. आणि डाख फाजील तापवून ओतला तर नळच वितळतो, कारण शिसं ३२७ अंशांना पाणी होतं.

पुढचा प्रश्न ठरलेला: गवंड्याचा ओळंबा म्हणजे इंग्रजीतली 'प्लम लाइन', मग 'प्लंब' आणि आपला 'लंब' एकच ना? नाही. त्यांचा शब्द दोरीला बांधलेल्या शिशावरून, आपला ओळंबा 'अवलंब'वरून, म्हणजे लोंबण्यावरून. नुसता कानाला सारखा लागतो.