दारातले दोन 'वडील'

नागोया शहरातला ऑगस्ट आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत बसत नाही. ऊन मे महिन्याचे, घाम कोकणातला आणि वारा मात्र कुठलाच नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका दुपारी आमच्या दाराची घंटा वाजली. इंटरकॉमच्या पडद्यावर पांढरे शर्ट घातलेली, काखेत सायकलची हेल्मेटे धरलेली दोन मुले दिसली. एक गोरा आणि ताडमाड उंच, दुसरा जपानी. जवळच्या चर्चमध्ये इंग्रजी संभाषणाचा मोफत वर्ग चालतो, त्याचे पत्रक त्यांना द्यायचे होते. घामाने निथळणाऱ्या पोरांना दारात ताटकळत ठेवणे मला बरे वाटेना, म्हणून मी त्यांना आत बोलावले, तर उंच मुलाने अत्यंत अदबीने घरात यजमान आहेत का, असे विचारले. ते ऑफिसात आहेत हे कळल्यावर दोघेही उंबऱ्याबाहेरच थांबले, कारण बाई एकटी असलेल्या घरात पाऊल टाकायचे नाही असा त्यांचा नियम होता. निदान चहा तरी घ्या म्हटले, तर चहाही वर्ज्य. आल्या माणसाने घरात न येणे आणि वर चहालाही नाही म्हणणे, हे दोन्ही एका दमात घडले की आमच्या पुण्यात भांडण झाल्याची बातमी पसरते. शेवटी फ्रीजमधला 'मुगिचा' चालेल असे जपानी मुलगाच म्हणाला. (या पेयाच्या नावात मूग ऐकू आला तरी ते भाजलेल्या जवाचे पाणी असते.) दोघांनी उभ्याउभ्याच दोन-दोन पेले रिचवले.

छातीवरच्या काळ्या पट्टीवर आडनाव आणि त्यानंतर 'चोरो' असा जपानी शब्द होता. इंग्रजीत हे लोक तरुण प्रचारकाला 'एल्डर' म्हणतात, त्याचा हा अनुवाद; आणि मराठी बायबलात याच शब्दासाठी 'वडील' हा शब्द येतो. उंच 'वडिलांचे' वय तेव्हा एकोणीस होते आणि हनुवटीवर तारुण्यपीटिका होत्या. तो अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या पूर्व भागातला, जिथे बटाट्याच्या काढणीसाठी शाळांना सुट्टी देतात, अशा गावचा. या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना आपण मॉर्मन म्हणतो, पण २०१८ पासून त्यांच्या प्रमुखांनी हे टोपणनाव टाळण्याचा आग्रह धरला आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या या मंडळीच्या अधिकृत नावाचा अर्थ 'येशू ख्रिस्ताची अंत्यदिवसांतील संतांची मंडळी' असा होतो. जगभर तिचे सत्तर हजारांहून अधिक प्रचारक एका वेळी फिरत असतात. २०१२ मध्ये वयाची अट खाली आणल्यापासून मुलगे अठराव्या वर्षीच निघू शकतात. मुलगे दोन वर्षे, मुली दीड वर्ष. कुठे जायचे हे स्वतः ठरवता येत नाही. एके दिवशी पत्र येते आणि त्यात देशाचे नाव असते. याला आशा होती ब्राझीलची, पत्रात निघाले जपान. आधी काही दिवस घरून ऑनलाइन आणि मग युटामधल्या प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात जपानीचे धडे गिरवून तो इथे उतरला, तेव्हा त्याला 'पश्चात्ताप' आणि 'पुनरुत्थान' यांचे जपानी शब्द मुखोद्गत होते, पण केस किती कापायचे हे न्हाव्याला सांगता येत नव्हते.

या सगळ्याला पगार नाही. उलट, त्याच्यासारख्या अमेरिकन मुलाच्या घरून दरमहा ५०० डॉलर सामायिक निधीत जातात, मग तो महागड्या शहरात असो की एखाद्या स्वस्त देशात. या मुलाने त्यातले बरेचसे पैसे शेतातल्या मजुरीतून आधीच साठवले होते.

त्यानंतर मी त्या इंग्रजी वर्गाला मदतनीस म्हणून जाऊ लागले, सत्तरीतल्या जपानी आजी-आजोबांशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागले, आणि ओघाओघाने या मुलांचा दिनक्रम मला कळत गेला. सकाळी साडेसहाला उठणे, व्यायाम, न्याहारी, मग आधी एकट्याने आणि नंतर जोडीने धर्मग्रंथाचा अभ्यास, त्यावर भाषेचा अभ्यास, नंतर सायकलवरून बाहेर, रात्री नऊच्या सुमारास परत, दुसऱ्या दिवसाची आखणी आणि साडेदहाला दिवा बंद. चित्रपट नाही, पोहणे नाही, मुलींशी मैत्री नाही. सोमवारचा अर्धाअधिक दिवस कपडे, बाजारहाट आणि घरच्यांशी बोलणे यांसाठी मोकळा. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता येई, नाताळात आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला करता येतो. मला सर्वांत कठीण वाटला तो जोडीचा नियम. स्नानगृह सोडले तर जोडीदाराच्या नजरेआड व्हायचे नाही, त्याला नावाने हाक मारायची नाही, आणि हा जोडीदार तुम्ही निवडलेला नसतो. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. कधी माणूस बदलतो, कधी गाव. घोरणारा, अबोल किंवा फाजील उत्साही, कसाही असला तरी त्याच्याबरोबरच जेवायचे आणि त्याच्याबरोबरच प्रार्थना करायची. संसार यापेक्षा सोपा, असे आमच्या यजमानांचे मत पडले.

त्यांचा सिद्धान्त मला कधी पटला नाही, पण त्यांचा नेम मला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला. माझे आजोबा माळकरी होते. गळ्यात माळ आली की मांसाहार सुटतो, एकादशी चुकत नाही, खोटे बोलताना हात आपोआप माळेकडे जातो; नेम पाळणाऱ्याला त्याचे कारण विचारायचे नसते, हे आमच्या घरात लहान मुलांनाही ठाऊक होते. या मुलांचा चहा-कॉफी, दारू आणि तंबाखू यांवरचा निर्बंध १८३३ सालच्या एका साक्षात्कारावर आधारलेला आहे. त्यात शब्द आहे 'उष्ण पेये' एवढाच, आणि त्याचा अर्थ चहा व कॉफी असा लावला जातो. म्हणून गरम सूप चालते आणि बर्फ घातलेला हिरवा चहा चालत नाही. तर्काने पाहिले तर हसू येईल, पण कांदा वर्ज्य आणि हिंग चालतो अशा घरात वाढलेल्या बाईने कोणत्या तोंडाने हसावे? जपानमध्ये मात्र हा नेम महागात पडतो, कारण पाहुण्यापुढे हिरवा चहा ठेवणे हा तिथला पहिला शिष्टाचार आहे.

जेवणाची व्यवस्था तर थेट आपल्याकडची. मंडळीतली कुटुंबे आपापला दिवस ठरवून मुलांना जेवायला बोलावतात. पुण्यात एके काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, तसेच हे. मंडळीबाहेरची असूनही मी गुरुवार मागून घेतला. मात्र यजमान घरी यायला उशीर झाला, तर दाराशी स्टीलचा डबा द्यायचा, असे ठरले. आयडाहोच्या मुलाला बटाट्याची पिवळी भाजी आवडली आणि बटाट्याला मोहरीची फोडणी देता येते हे आपल्या राज्यात कुणालाच माहीत नाही, याचे त्याने मनापासून दुःख केले.

दिवसभरात त्यांना सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे 'केक्को देस', अर्थात 'नको, धन्यवाद'. १९९५ मध्ये ओम शिन्रिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडल्यापासून जपानी माणूस अनोळखी धर्माला दार उघडताना कचरतो. त्यात २०२२ च्या जुलैत माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली, मारेकऱ्याचा राग एका वेगळ्याच पंथावर होता हे उघड झाले आणि त्याचे ओझे या पोरांच्या खांद्यांवरही आले. जपानमध्ये त्यांचे काम मुळातच सावकाशीचे. पहिले प्रचारक १९०१ साली योकोहामाला उतरले, १९२४ मध्ये काम बंद करून परतले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, पुन्हा आले. पुण्याचा अनुभवही फारसा निराळा नव्हता. ह्यू फिंडले नावाचे त्यांचे स्कॉटिश प्रचारक १८५२ साली मुंबईला आले आणि पुढे पुण्यातही राहिले, पण तिथे मूठभर माणसे जमण्यापलीकडे काही घडले नाही. हे मी सांगितले तेव्हा उंच मुलगा हसून म्हणाला, म्हणजे 'केक्को देस'ला मराठीतही शब्द आहे तर. मी म्हटले, पुण्यात त्याची पाटीच असते.

एका रविवारी मी त्यांच्या सभेला गेले. महिन्याचा पहिला रविवार म्हणजे त्यांचा उपवासाचा दिवस. दोन वेळचे जेवण सोडतात आणि त्याचे पैसे गरजूंसाठी देतात. त्या दिवशी ज्याला वाटेल तो उठून व्यासपीठावर जातो आणि आपली साक्ष देतो. आमचा बटाटेवाला उठला आणि जपानीत म्हणाला, की ही मंडळी खरी आहे हे मला ठाऊक आहे. 'माझी श्रद्धा आहे' असे नव्हे, 'ठाऊक आहे'. नंतर उठलेल्या प्रत्येकाने हेच क्रियापद वापरले आणि मला ते खटकले. प्राचीन अमेरिकेतल्या लोकांचा जो इतिहास 'मॉर्मनचा ग्रंथ' या त्यांच्या धर्मग्रंथात आहे, त्याला पुरातत्त्वाचा आधार मिळालेला नाही. १८९० पर्यंत मंडळीने बहुपत्नीत्व उघडपणे मान्य केले होते आणि १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारले होते. असे असताना एकोणीस वर्षांच्या मुलाला नेमके काय ठाऊक आहे? माझ्या आजोबांनी साठ वर्षांत विठ्ठलाविषयी 'ठाऊक आहे' असे एकदाही म्हटल्याचे मला स्मरत नाही.

पुढच्या गुरुवारी डबा देताना मी त्याला हे विचारलेच. जोडीदार दोन पावलांवर सायकलची साखळी बसवत होता. मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि मग इंग्रजीत म्हणाला, की काही दिवस मला खरोखर ठाऊक असते, काही दिवस अजिबात नसते, आणि नसते त्या दिवशीही मी साडेसहालाच उठतो. यावर मला पुढे काही विचारायचे राहिले नाही.

फेब्रुवारीत त्याची बदली झाली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तो डबा परत द्यायला आला. रिकामा डबा परत करू नये हे त्याला मी सांगितले नव्हते; जपानी आजींकडून शिकला की त्याच्या आईकडून, कोण जाणे. आत मुगिचाच्या पुड्या होत्या. पुढच्या आठवड्यात घंटा वाजली तेव्हा पडद्यावर तोच जपानी मुलगा आणि शेजारी एक नवा, सशासारखा बावरलेला 'वडील' दिसला. यजमान घरी नव्हते. मी आत या म्हटले नाही, चहाही विचारला नाही. दोन पेले भरले आणि दार उघडले.