उताऱ्यातला रिकामा रकाना

कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत देणाऱ्या शक्ती योजनेत माझं तिकीट फुकट, बाबांचं तेवढं काढलं आणि सकाळच्या बसनं खानापूरहून बेळगावला निघालो. पिशवीत आमच्या शेताचा उतारा होता.

मी धारवाडला बॉटनीत पीएचडी करते. जून-जुलैत सहा आठवडे लंडनला, क्यू या वनस्पती उद्यानाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात काम करायचंय. तिथं ७० लाखांच्या आसपास वाळवलेले नमुने आहेत, त्यात इंग्रजांच्या काळात आपल्या बेळगाव भागातून गोळा करून नेलेले पण आहेत. माझं काम जांबोटी-कणकुंबीकडच्या गवतांवर, त्यामुळं नमुने चिकटवलेली ती जुनी शीटं स्वतः लेन्सखाली बघितल्याशिवाय पुढं सरकतच नाही.

व्हिसासाठी मी परत येणार हे पटवून द्यायला घरच्या जमिनीचे कागद जोडायचे ठरवले. कागद कन्नडमध्ये, आणि इंग्रजीत नसलेल्या कागदाला पूर्ण भाषांतर लागतं, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख, पत्ता सगळं. तुम्ही कुणी जाणार असाल तर हे आधी करून ठेवा. मी शेवटच्या आठवड्यापर्यंत ढकललं, कारण त्याआधी एका ऑफिसात बाबांना कन्नड येत नाही म्हणून खिडकीवरचा माणूस चार लोकांसमोर त्यांच्यावर खेकसला होता आणि मला त्यांना परत कुठल्या खिडकीसमोर उभंच करायचं नव्हतं.

कोर्टाजवळ टायपिंगवाल्यांच्या रांगेत एक वयस्कर सर बसतात, कन्नडच बोलणारे. त्यांनी चष्मा पुसला, कागद हातात घेतला आणि टाईप करायच्या आधी बाबांकडं बघून म्हणाले, "वाचून दाखवू काय?" मग बोट ठेवून एकेक रकाना मराठीत सांगत गेले. सर्व्हे नंबर, एकर, गुंठे, नवव्या रकान्यात बाबांचं नाव, अकराव्यात सोसायटीचं कर्ज. बाबा उभे होते ते हळूच स्टुलावर बसले. साठ वर्षं ज्या जमिनीत राबले तिचा कागद ते पहिल्यांदा ऐकत होते. मला शाळेत कन्नड होतं, अक्षरं लागतात, महसुली शब्द अडतात पण विचारून विचारून वाचता आलं असतं की. इतक्या वर्षांत मी एकदाही त्यांना वाचून दाखवला नाही, हे तिथं फार लागलं मनाला.

मध्येच बाबा म्हणाले, "सर, झाडं कुठं लिवलीत?"

झाडांचा रकाना रिकामा होता. बांधावरचा फणस आजोबांनी लावलेला, जांभूळ त्याच्याही आधीचं.

सरांनी भाषांतराचे पैसे घेतले, वाचून दाखवल्याचे नाही घेतले, वर चहा पाजला. तसला गोड, आल्याचा चहा मी एरवी पीत नाही, त्या दिवशी सगळा प्यायले.

पुढं व्हिसासाठी रात्रीच्या गाडीनं बेंगळुरू, बोटांचे ठसे, फोटो, परत. दिवस कसा गेला आठवत नाही. पासपोर्टवर जन्मगाव 'बेलगाम', २०१४ नंतरच्या कागदांवर 'बेळगावी', त्यावरून प्रश्न येईल म्हणून धाकधूक होती, कुणी विचारलंच नाही.

आता पासपोर्ट यायची वाट बघतेय. लावणीला मी नसणार म्हणून आई जरा नाराज आहे. बाबांनी भाषांतराची झेरॉक्स ट्रंकेत मूळ उताऱ्याला टाचून ठेवलीय, आणि काल जेवताना विचारत होते, फणस कागदावर चढवायचा तर अर्ज तलाठ्याकडं द्यायचा की तहसीलला. जायच्या आधी दोन दिवस आहेत हातात, तेवढ्यात अर्ज मी लिहून देणार आहे, कन्नडमध्ये.